बाईंना विचारा : तिसऱ्या दिवशी कोण विचारतं?

गेल्या अंकात आमच्या गल्लीत एका रात्रीत फुटलेल्या रिक्षांच्या काचांबद्दल मी लिहिलं होतं. फोडणाऱ्यांतली दोन मुलं माझ्या हाताखालून गेलेली. त्यातला एक चौथीत असताना फळा कोण पुसणार यावरून रोज भांडायचा. त्या लेखावर बरीच पत्रं आली. पाच निवडली आहेत. नावं, शाळा, वस्त्या मी काढून टाकल्या. अठराच्या आतल्या मुलाची ओळख छापायला कायद्यानं बंदी आहे, आणि ती नसती तरी मी छापली नसती. माझं म्हणाल तर महापालिकेच्या शाळांत एकतीस वर्षं काढली, शेवटची नऊ मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत. आता पर्वतीच्या उतारावर संध्याकाळी मुलांचा अभ्यास घेते.

बाई, नमस्कार. मी चार घरी धुणंभांडी करते. मालक वारले त्याला तीन वर्षं झाली. मुलगा नववीला आहे, पंधरा पूर्ण. दिवाळीची सुट्टी संपल्यापासून तो शाळेत गेलाच नाही, हे मला संक्रांतीला कळलं. रोज दप्तर घेऊन निघतो. चौकातल्या एका दादाच्या मागं असतो. दादानं त्याला मोबाईल घेऊन दिला. परवा पाण्याच्या पिंपामागं गोणपाटात गुंडाळलेला कोयता दिसला. मी काही बोलले नाही, होता तसा ठेवला. पोलिसांकडं गेले तर पोरगं आत जाईल, नाही गेले तर आज ना उद्या जाईलच. काय करू? पत्र माझ्या मुलीनं लिहिलंय. – एक आई, पुणे

ताई, आधी कोयत्याचं.

रात्री उठून तो कालव्यात टाकायला जाऊ नका. वाटेत गस्तीची गाडी भेटली तर कोयता तुमच्या हातात असेल. भावाकडं, शेजारणीकडंही ठेवायला देऊ नका. पहिला फोन वकिलाला करा. विधी सेवेचा नंबर १५१०० आहे, आणि शिवाजीनगरच्या कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. बाईमाणसाला आणि अठराच्या आतल्या मुलाला तिथला वकील फुकट मिळतो, उत्पन्न किती ते बघत नाहीत. त्या वकिलाला सगळं खरं सांगा आणि तो म्हणेल तसं, त्याच्यासोबत, पोलीस ठाण्यात जा. ठाण्यात गेल्यावर ‘बाल कल्याण पोलीस अधिकारी’ कोण, असं विचारा. प्रत्येक ठाण्यात हे काम एकाकडे दिलेलं असतं. मुलाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत, आणि ताब्यात घेतलं तर चोवीस तासांत बाल न्याय मंडळापुढं, म्हणजे मुलांच्या केसेस बघणाऱ्या मंडळापुढं, न्यावं लागतं. हे तुम्हाला ठाऊक आहे एवढं समोरच्याच्या लक्षात आलं तरी बोलण्याचा सूर बदलतो, हा माझा अनुभव.

आणखी एक कलम तुम्हाला सांगून ठेवते. बाल न्याय कायदा २०१५ चा. त्याचं ८३वं कलम म्हणतं की कुणी मोठा माणूस किंवा टोळी लहान मुलाला बेकायदा कामाला वापरत असेल, तर त्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख दंड. मूल अल्पवयीन म्हणून त्याला कायदा सांभाळून घेतो, हे दादाला पक्कं माहीत असतं. म्हणूनच तो कोयता दादाच्या घरात नाही, तुमच्या पिंपामागं आहे. पोराला हे असंच सांगा. ‘गुन्हेगार होशील’ असं म्हणू नका, त्या शब्दाची त्यांना गंमत वाटते. ‘तुझा दादा स्वतःच्या घरात का ठेवत नाही रे?’ एवढं विचारा आणि भाकरी थापायला लागा. उत्तर लगेच मागू नका.

आता शाळेचं. दिवाळी ते संक्रांत म्हणजे दोन महिने झाले. दोन महिन्यांत शाळेतून तुम्हाला एक निरोप आला नाही. दादाला मात्र पहिल्या दिवशीच कळलं असणार की हे पोरगं दप्तर घेऊन टपरीमागं बसलंय. दादा काय देतो याचा मी फार विचार केला आहे. मोबाईल, वडापाव, गाडीवर मागची सीट हे तर झालंच. पण मुलं मोठी झाल्यावर मला सांगतात ते वेगळंच असतं. एकजण म्हणाला, ‘बाई, मी दोन दिवस दिसलो नाही तर भाई घरी यायचा. शाळेतून कोण आलं?’ माझ्याकडं उत्तर नव्हतं. तो माझ्याच शाळेचा होता.

त्याच्यानंतर मी तिसऱ्या दिवसाची यादी सुरू केली. मूल सलग तीन दिवस आलं नाही की वर्गशिक्षिकेनं चिठ्ठी लिहून माझ्या टेबलावर ठेवायची. शाळेतून एवढंच होऊ शकत होतं, कारण मूल कुठं आहे हे शाळेला ठाऊक नसतं. ते ठाऊक असतं रिक्षावाल्याला, किराणावाल्याला, नळावरच्या बायकांना, अंगणवाडीच्या ताईंना. म्हणून शनिवारी शाळा लवकर सुटली की समाजमंदिरात आम्ही सहाजण बसायला लागलो : मी, एक शिक्षिका, अंगणवाडीच्या ताई, स्टँडवरचे एक रिक्षावाले काका, गणेश मंडळाचा एक कार्यकर्ता आणि किराणा दुकानदार. सहा कप चहा आणि एक शंभर पानी वही. वहीत ‘कोण बिघडलं’ असं लिहायचं नाही, फक्त ‘कोण दिसलं नाही’ लिहायचं, हा नियम दुकानदारानं घातला आणि तो माझ्यापेक्षा शहाणा निघाला. मग ज्याची त्या घरात ऊठबस असेल त्यानं जायचं. बहुतेक वेळा कारण साधं असायचं : बूट फाटलेत, बहीण बाळंतीण आहे, सरांनी वर्गासमोर फीबद्दल विचारलं. बूट फाटल्यावर आठवडाभरात गेलं तर तीनशे रुपयांत काम होतं. दोन महिन्यांनी गेलं तर मधे दादा आलेला असतो.

एक चूकही सांगते. मधे कुणाच्या तरी डोक्यात आलं, वहीऐवजी व्हॉट्सअॅप ग्रुप करू. केला. पंधरा दिवसांत यादीचा स्क्रीनशॉट वस्तीभर फिरला आणि पोरं एकमेकांना ‘यादीतला’ म्हणायला लागली. एका मुलानं ते बिरुद अभिमानानं मिरवलं. ग्रुप बंद केला, पण ते नाव त्याला चिकटलं ते चिकटलंच.

तुमच्या वस्तीत असे सहाजण शोधायला मी तुम्हाला सांगणार नाही. चार घरची कामं करून तुम्ही ते कधी करणार? तुम्ही फक्त वर्गशिक्षकांना आणि ज्याच्याशी तुमचा मुलगा अजून नीट बोलतो अशा एका पुरुषाला, मामा असो, रिक्षावाला असो, तालमीतला वस्ताद असो, एका बाकावर बसवा. मुलगा समोर असू दे. वर्गशिक्षकांना आधी सांगून ठेवा की पहिली दहा मिनिटं ‘का आला नाहीस’ हा प्रश्न विचारायचा नाही.

मोबाईल हिसकावून घेऊ नका. फुकट दिलेल्या मोबाईलचाही हप्ता असतो. तो परत कसा करायचा हे त्या पुरुषमाणसानं मुलाशी बोलून ठरवावं, एकट्या मुलानं जाऊन देऊ नये. गावाला मामाकडं पाठवायचं मनात आलं असेल तर पाठवा, पण सोबत शाळेचा दाखला न्या आणि तिथं नाव घाला. नुसतं पाठवलेलं पोरगं गणपतीला परत येतं.

पैशाचं राहिलं. वडील नसलेल्या मुलासाठी शासनाची बालसंगोपन योजना आहे, महिन्याला २,२५० रुपये. जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात अर्ज मिळतो, बाल कल्याण समितीपुढं जावं लागतं, दोन-चार हेलपाटे होतील. कामाच्या घरी सांगून सुट्टी घ्या. आणि काहीच सुचलं नाही, रात्रीबेरात्री भीती वाटली, तर मुलांच्या मदतीसाठीचा १०९८ नंबर फिरवा.

एक शेवटचं, ताई. पत्र ज्या मुलीनं लिहिलंय तिचं अक्षर सुरेख आहे आणि शुद्धलेखन माझ्या काही सहकाऱ्यांपेक्षा बरं. पत्राखाली तारीख मंगळवारची आहे आणि वेळ दुपारी दोनची. मंगळवारी दुपारी दोनला ती शाळेत का नव्हती?

आदरणीय बाई, मी एका अनुदानित माध्यमिक शाळेत नववीचा वर्गशिक्षक आहे. पट ६४. एक मुलगा आठवड्यातून दोन दिवस येतो. आला की डोळे लाल, अंगाला व्हाइटनरचा वास. मागच्या बाकावर दोघे-तिघे त्याच्याभोवती जमू लागले आहेत. मुख्याध्यापक म्हणतात, पालकांना बोलवा आणि दाखला हातात द्या. एकासाठी त्रेसष्ट जणांचं नुकसान का करायचं? मला पटत नाही, पण मुद्दा खोडताही येत नाही. – एक शिक्षक, पिंपरी-चिंचवड

सर, चौसष्ट वजा एक ही वजाबाकी मीही केलेली आहे. एका मुलाचा दाखला मी स्वतः सही करून दिला. दाखल्याच्या रजिस्टरात ‘शाळा सोडण्याचे कारण’ या रकान्यात माझ्या अक्षरात ‘पालकांच्या विनंतीवरून’ असं लिहिलेलं आहे. पालकांनी विनंती केली नव्हती. अंगठा मात्र त्यांचा आहे. तो मुलगा आता कुठं आहे हे मला माहीत नाही. विचारलं तेव्हा कुणी सांगितलं नाही, आणि विचारायलाही मला चार वर्षं लागली.

वजाबाकी चुकते ती इथं : दाखला दिलेलं मूल शाळेबाहेर जातं म्हणजे फाटकापर्यंत जातं. साडेपाचला शाळा सुटते तेव्हा ते फाटकासमोर गाडीवर बसलेलं असतं आणि तुमचे तेच दोघे-तिघे धावत त्याच्याकडं जातात. वर्गात होता तोवर तुमची नजर तरी होती.

कायद्याचं म्हणाल तर, आठवीपर्यंत शिक्षण हक्क कायद्यानं मुलाला शाळेतून काढता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनं पाचवी-आठवीत नापास करायची मुभा आली, काढून टाकायची नाही. पण तो कायदा सहा ते चौदा वयाचा. नववीत पोरगं पंधराव्या वर्षात असतं, कायद्याचं छप्पर संपतं, आणि नेमकं तिथंच शाळेला दहावीच्या निकालाची काळजी लागते. शंभर टक्के निकालाचा फ्लेक्स लावायचा तर नववीत गाळणी लावावी लागते, हे आपण दोघंही जाणतो, उगाच आडपडदा नको. त्यात आमच्या बऱ्याच महापालिका शाळा सातवी-आठवीलाच संपतात. मूल आठ वर्षं ज्या बाईंना ओळखतं त्या मागं राहतात, आणि ते तुमच्या चौसष्टांत येऊन पडतं. इकडं नाव ओळखीचं नाही, तिकडं चौकात सगळे नावानं हाक मारतात.

मुख्याध्यापकांकडं त्याला कायमचं ठेवून घ्यायची मागणी करू नका, एक महिना मागा. तेवढा ते देतील. त्या महिन्यात पहिल्यांदा शाळेच्या शिपाईमामांशी बोला. तो मुलगा कुणाबरोबर येतो, कुणाच्या गाडीवरून जातो, डबा आणतो की नाही, हे त्यांना तुमच्याआधी माहीत असतं, कुणी विचारत नाही म्हणून सांगत नाहीत. मागच्या बाकावरच्या दोघा-तिघांचे पालक आधी बोलवा, त्याचे नंतर. ते अजून काठावर आहेत. आणि व्हाइटनर हुंगणाऱ्या मुलाला शिस्त लावता येत नाही, त्याला उपचार लागतो. येरवड्याचं मुक्तांगण १९८६ पासून व्यसनमुक्तीचं काम करतंय. पालकांना पत्ता देऊन मोकळे होऊ नका, पहिल्या वेळी सोबत जा. बाप एकटा फाटकातून परत येतो, मी बघितलंय.

त्यानं दप्तरात हत्यार आणलं किंवा कुणाला मारहाण केली तर मात्र बाकीच्या त्रेसष्टांची बाजू आधी. त्यात भावनिक होऊ नका. पण तेव्हाही बाल कल्याण समितीला आणि पोलिसांच्या बाल पथकाला लेखी कळवा. दाखला त्यावरचा इलाज नव्हे.

बाई, सप्रेम नमस्कार. आमचं गणेश मंडळ ३८ वर्षांचं. दहा दिवसांचा खर्च जाऊन यंदा थोडी रक्कम शिल्लक आहे, मंडळाची एक खोलीही आहे. वस्तीतली पोरं वाया चाललीत, त्यांच्यासाठी अभ्यासिका काढायचा विचार आहे. उद्घाटनाला तुम्ही यावं. काय काय लागेल ते सांगावं. – एक कार्यकर्ता, पुणे

दादा, उद्घाटनाला येणार नाही, सहा महिन्यांनी येईन. तेव्हा खोली चालू असेल तर पेढे मी आणते.

खोलीबद्दल सांगते, कारण अशा चार अभ्यासिका मी उघडताना पाहिल्या आणि तीन बदलताना. बंद पडल्या असं नाही. पहिल्या महिन्यात आठवी-नववीची पोरं येतात, दंगा करतात. मग स्पर्धा परीक्षेवाल्यांना कळतं की इथं फुकटात टेबल, लाईट आणि वायफाय आहे. पुण्यात अभ्यासाला जागा शोधणारी मुलं किती, तुम्ही जाणताच. ती शांत असतात, खुर्ची पकडून दहा तास बसतात, मंडळाला बरं दिसतं. हळूहळू आठवीतल्या पोराला ‘ए, आवाज करू नको’ ऐकू यायला लागतं. सहा महिन्यांत खोली भरलेली असते, आणि ज्याच्यासाठी काढली तो परत कट्ट्यावर. त्यामुळं पहिल्या दिवशी पाटी लावा : संध्याकाळी सात ते साडेनऊ फक्त पाचवी ते दहावी. बोललेलं चालेल. मोठ्यांना सकाळ द्या, आणि त्या बदल्यात त्यांनी आठवड्यातून दोन तास गणित शिकवायचं. तेवीस वर्षांचा मुलगा शिकवतो तेव्हा पंधरा वर्षांचा ऐकतो, माझं ऐकत नाही.

वेळ सात ते साडेनऊच का? कारण दहा बाय दहाच्या घरात त्या वेळी टीव्ही, स्वयंपाक आणि बापाची चढलेली दारू एकत्र असते. मूल बाहेर पडतं ते घर लहान आहे म्हणून, वाईट आहे म्हणून नाही.

सोबत कॅरम ठेवा. संडास जवळ आहे का बघा, नाहीतर मुली येणार नाहीत. कोपऱ्यात पाण्याचा माठ. बाकी एसी, सीसीटीव्ही, भिंतीवर थोर पुरुषांची चौदा चित्रं, याची घाई नाही. आणि पोलीस मित्र म्हणून आले तर साध्या कपड्यांत या असं सांगा. आमच्याकडं एकदा बीट मार्शल भल्या मनानं बिस्किटांचे पुडे घेऊन वर्दीत आले. त्या संध्याकाळी अकरा मुलं उठून गेली, त्यातली पाच परत आली नाहीत. त्यांच्यापैकी दोघांच्या बापांवर तडीपारीची नोटीस होती, हे आम्हाला नंतर समजलं.

तुमचं ढोल-ताशा पथकही आहे असं पत्राच्या शेवटी लिहिलंय. हे खोलीपेक्षा मोठं भांडवल आहे. नदीकाठी सराव सुरू झाला की जो मुलगा शाळेत दहा मिनिटं बसत नाही तो दोन तास ढोल कमरेला बांधून उभा राहतो. लोक मला सुचवतात, शाळेची हजेरी दाखव मग ढोल मिळेल असा नियम करा. करू नका. ज्याची हजेरी पूर्ण आहे त्याला ढोल नसला तरी चालतं. ज्याची शाळा सुटलीय त्याच्याकडं तुमच्याशी बांधून ठेवणारी तेवढी एकच दोरी आहे, ती तुम्ही स्वतः का कापता? ढोल द्या, आणि सराव संपल्यावर वर्गशिक्षकांना मैदानावर बोलवा. त्यांना त्याचा ठोका ऐकू द्या. आमच्या एका शिक्षिकेनं दुसऱ्या दिवशी वर्गात फक्त ‘काल तिसऱ्या रांगेत छान वाजवलंस’ म्हटलं होतं. तो मुलगा लाजून बाकाखाली पेन शोधत बसला, पण त्या आठवड्यात पाच दिवस आला.

आता तुम्हाला आवडणार नाही ते. मंडळाच्या कार्यकर्त्यांचे वाढदिवस रात्री बाराला चौकात होतात का? केक कशानं कापतात? रील कोण काढतं? खोलीत ‘कोयत्यापासून दूर राहा’ सांगायचं आणि फाटकाबाहेर तलवारीनं केक कापायचा, हे मुलांना बरोबर कळतं. आणि वर्गणीची वही एकदा उघडा. धर्मादाय आयुक्तांकडं हिशेब देताना रक्कम दाखवता, नावही बघा. सगळ्यात मोठी पावती ज्याची आहे, पोरं वाया चाललीत ती त्याच्याच मागं तर नाहीत ना? असतील तर त्या खोलीत एकही मूल टिकणार नाही. मुलांना मालक ओळखू येतो.

जमल्यास मंगळवार पेठेत स्व-रूपवर्धिनीचं काम बघून या. किशाभाऊ पटवर्धनांनी १९७९ मध्ये सुरू केलं. वस्तीतली मुलंच मोठी होऊन पुढच्या मुलांना सांभाळतात ते तिथं दिसेल. मी पहिल्यांदा गेले तेव्हा तिथल्या मुलांनी मला प्रश्न विचारले आणि मला दोन येईनात.

संपादक महाशय, आपल्या लेखिका गुन्हेगार मुलांचे लाड करतात. आमच्या सोसायटीबाहेर दोन गाड्या फुटल्या. अशांना चौकात फटके द्यावेत. वस्तीतल्या मुलांशी आम्हा करदात्यांचा संबंध काय? – एक ज्येष्ठ नागरिक, कोथरूड

गाड्या फुटल्याचं वाईट वाटलं. माझ्या शेजाऱ्यांची रिक्षा फुटली, तिचे हप्ते अजून चालू आहेत, त्यामुळं तुमचा राग मला परका नाही.

फटक्यांचं : चौकात मार खाल्लेलं पोरगं दुसऱ्या दिवशी चौकात मोठं होतं. त्याचा व्हिडिओ त्याचेच मित्र स्टेटसला ठेवतात.

संबंधाचं : तुमच्याकडं कामाला येणाऱ्या बाई सकाळी सातला घर सोडत असतील. मुलाची शाळा बाराची. मधल्या पाच तासांत त्याला कोण उठवतं, कोण जेवायला घालतं, तो निघाला की नाही कोण बघतं, हे त्यांना एकदा विचारा. आणि शाळेच्या पालकसभेचा दिवस कळला की त्या दिवशी सुट्टी द्या, खाडा न धरता. वरच्या पहिल्या पत्रातली आई चार घरी काम करते. त्यातलं एक तुमचं नसेलच असं नाही.

मॅडम, माझं वय सतरा वर्षं चार महिने. नववीत शाळा सुटली. मारामारीत नाव आलं, येरवड्याला निरीक्षणगृहात होतो, आता बाहेर आहे, केस चालू आहे. मला दहावी करायची. फॉर्मवर केस लिहावी लागते का? आणि मला पोलीस भरती करायची आहे, मित्र हसतात. गणित येत नाही. – वाचक

अरे, हसू दे. ज्यानं ठाण्याचा बाक बघितलाय त्याला पोलीस व्हावंसं वाटणं मला तरी चमत्कारिक वाटत नाही. माझ्या माहितीत असे आणखी दोघे आहेत.

दहावीच्या फॉर्मवर केसचा रकाना नाही. तुझ्यासाठी ‘सतरा नंबरचा फॉर्म’ आहे, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून राज्य मंडळाची दहावी. वय चौदा पूर्ण आणि किमान पाचवी पास एवढं लागतं, तुझं दोन्ही आहे. फॉर्म ऑनलाइन भरायचा, त्यात संपर्क केंद्र म्हणून जवळची शाळा निवडायची आणि कागद तिथं नेऊन द्यायचे. पावसाळ्यात तारखा लागतात, त्यावर डोळा ठेव. सर्टिफिकेटवर बाहेरून दिली म्हणून कुणी कमी समजत नाही. रोज बसायची सवय हवी असेल तर रात्रशाळा बघ. बाजीराव रस्त्यावर पूना नाईट हायस्कूल आहे. दिवसा काम करणारी माणसं तिथं दप्तर घेऊन येतात, तुझ्याकडं कुणी वळून बघणार नाही. याच पुण्यात १८५५ साली जोतिराव आणि सावित्रीबाईंनी कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली होती, म्हणजे उशिरा शिकायला बसणारा तू काही पहिला नाहीस.

भरतीचं. शिपाई भरतीला बारावी पास लागते, त्यामुळं दहावीवर थांबून चालणार नाही. मैदानात १६०० मीटर धाव, १०० मीटर आणि गोळाफेक, ते तू आजपासून करू शकतोस, त्याला फॉर्म लागत नाही. केसचं असं : बाल न्याय कायद्याचं २४वं कलम सांगतं की बाल न्याय मंडळानं दोषी धरलं तरी त्यामुळं पुढं नोकरीत वगैरे अपात्र ठरत नाही, आणि रेकॉर्डही ठराविक मुदतीनंतर नष्ट करायचं असतं. फक्त सोळा पूर्ण झालेल्याची केस गंभीर म्हणून मोठ्या माणसासारखी बाल न्यायालयात चालली तर ही सवलत लागू नाही. तुझी कोणत्या बाजूची, हे तुझ्या वकिलाला विचार. पुढं चारित्र्य पडताळणीचा कागद समोर आला की मनानं काही लिहू नकोस आणि लपवूही नकोस, तो कागद घेऊन आधी त्याच वकिलाकडं जा. बाल न्याय मंडळाची एकही तारीख चुकवू नकोस. तारखेला जाताना जुन्या मित्रांपैकी कुणी ‘सोबत येतो’ म्हणालं तर आईला ने.

गणिताचं मी बघते. भाग दोन भूमिती, चित्रं असतात, तिथून सुरू करू. मंगळवार आणि शुक्रवार, सातनंतर. संपादकांकडून माझा पत्ता घे. येताना आधार कार्ड आणि शाळेचा दाखला आण. दाखला हरवला असेल तर दुसरी प्रत आणि प्रतिज्ञापत्र चालतं. शाळा द्यायला टाळाटाळ करत असेल तर सांग, मी येते सोबत. मुख्याध्यापकांच्या टेबलाशी बसायची मला सवय आहे, आता फक्त खुर्ची बदलली.